थांबत थांबत जाणारी चाल

नळाला पाणी आलं तेव्हा रुद्रप्पा लॅपटॉपसमोर बसला होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही. आलं की हातातलं टाकून उठावंच लागतं. पूर्वी त्याची बायको विजयमाला उठायची. आता तोच उठला, पिंपात पाइप सोडला, मोटर चालू केली आणि परत येऊन बसला. स्क्रीनवर मघाचंच होतं. मुंग्या लागाव्यात तशी इंग्रजी अक्षरं, कंस, आकडे. चाल त्यात कुठंच नव्हती.

विजयमालाला जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी पुण्यस्मरण. गल्लीतल्या भजनी मंडळानं ठरवलं होतं की त्या दिवशी तिनं बांधलेली शेवटची चाल म्हणायची. त्या वचनाचे, म्हणजे शरणांच्या पदाचे, शब्द सगळ्या बायकांना पाठ होते, पण तिनं त्याला लावलेली चाल कुणालाच येत नव्हती. आजारपणात तिच्यानं पेटीचा भाता हलेना, तेव्हा तिनं ती लॅपटॉपवर लिहिली. पेटीच्या शिकवणीच्या मुलांसाठी एक प्रोग्रॅम तिनं आधीच घेतलेला होता. त्यात स्वर लिहिले की तो वाजवून दाखवायचा. लिहून झाल्यावर फाईल हरवू नये म्हणून तिनं ती स्वतःच्याच मेलवर पाठवून ठेवली, आणि मग दवाखाना सुरू झाला. मंडळाला शिकवायचं राहूनच गेलं.

ही फाईल उघडली नाही तर चाल गेली, एवढं रुद्रप्पाला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यानं उभा जन्म इंजिनं खोलण्यात घालवला होता. पण इंजिन निदान हाताला लागतं.

त्यानं पुण्याला पूनमला फोन लावला. लेकीचा आवाज ऑफिसातला होता, दबका.

"अप्पा, ब्राउझरच्या वर उजवीकडं तीन आडव्या रेघा आहेत. त्यावर दाबा."

"दाबलं."

"काय दिसतंय?"

"लई काय काय दिसतंय."

"त्यात सेटिंग्ज शोधा. मिळालं? आता खाली जा. फाईल्स आणि ॲप्लिकेशन्स असं येईल."

"थांब, पिंप भरलं."

तो मोटर बंद करून आला. गुडघे दुखत होते. फोनवर पूनम कुणाला तरी "हो सर, पाठवते" म्हणत होती.

"बोल."

"तिथं एक यादी आहे. कुठली फाईल कशात उघडायची त्याची. म्युझिक लिहिलंय त्या ओळीसमोर काय आहे?"

"नोटपॅड."

"तरीच! अप्पा, ही चाल नोटपॅडमध्ये उघडून कशी वाजेल? हे केलं कुणी?"

"मीच. ती गेली त्या आठवड्यात उघडायला बसलो होतो. त्यानं विचारलं, कशात उघडू. पहिलं होतं ते दाबलं. खाली चौकोन होता, नेहमी असंच करा म्हणून. त्यातबी खूण केली."

"कशाला पण?"

"परत विचारू नये म्हणून. त्या आठवड्यात जो येईल तो विचारतच होता की. मांडव किती मोठा घालायचा, जेवायला किती माणसं, फोटो कुठला लावायचा."

मग पूनम हळू आवाजात म्हणाली, "त्या नोटपॅडवर दाबा. दुसरा प्रोग्रॅम निवडा असं येईल. त्यातून आईचा प्रोग्रॅम घ्या."

त्यानं घेतला. मेलमध्ये जाऊन फाईलवर दाबलं. थोडा वेळ नुसतं गोल फिरत राहिलं. मग पांढऱ्या पानावर पाच-पाच रेघांच्या ओळी आल्या आणि त्यावर काळे स्वर बसलेले दिसले.

"आलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी अंबुबाई मंडळातल्या दोघींना घेऊन आली. मंडळाची म्होरकी तीच. विजयमालाची जुनी मैत्रीण, आणि तोंडाला लगाम नाही.

"अण्णा, चहाचं राहू द्या, आधी वाजवा. आणि खिडकी उघडा, घर कोंदलंय."

रुद्रप्पानं खिडकी उघडली आणि चाल लावली. पेटीसारखा आवाज निघाला. चाल सुरेख वर चढली, मध्येच थांबली, दोन स्वर पुढं गेली, परत थांबली.

"हे काय? गचके खातंय की," अंबुबाई म्हणाली. "तुमच्या एसटीगत."

"नेट अडकत असंल."

त्यानं पूनमला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "अप्पा, फाईल उतरली, आता नेटचा काय संबंध? स्वरांच्या मध्ये नागमोडी बारीक खुणा आहेत का? त्या थांब्याच्या खुणा. आईनं स्वतः घातल्यात."

"कशाला घातल्या?" अंबुबाईनं विचारलं. "एका दमात म्हणायची ओळ हाय ही. अशी तुटक कोण बांधतं?"

"नको असतील तर काढता येतील, मावशी. अप्पा, खूण निवडा, कंट्रोल दाबून धरा आणि डिलीट दाबा. एकेक करून."

रुद्रप्पानं चष्मा पुसला आणि एकेक खूण काढत गेला. बायका गप्पांना लागल्या. सगळ्या खुणा काढून त्यानं परत वाजवलं. आता चाल कुठंही न अडता सरळ गेली.

"हां! हे कसं झाक," अंबुबाई म्हणाली.

झाक होतं खरं. पण ऐकताना रुद्रप्पाची मान मध्येच आपोआप वर व्हायची. मघा चाल जिथं थांबली होती, तिथं तिथं. दोन पावलं टाकून भिंतीला हात, मग दोन पावलं, मग टेबलाला. शेवटच्या महिन्यांत विजयमाला स्वयंपाकघरातून हितंपर्यंत अशीच यायची. तो हात धरायला उठला की म्हणायची, बसा हो, येते मी.

ती हे गाऊन बघत लिहीत होती. जिथं दम संपला, तिथं खूण घातली.

"अंबुबाई," तो म्हणाला, "ते थांबे तिच्या दमाचे हायत."

अंबुबाई स्क्रीनकडं बघत राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग म्हणू की तसंच," ती म्हणाली. "आमचा तरी दम कुठं पुरतोय आता."

रुद्रप्पानं प्रोग्रॅम बंद करायला घेतला. मध्येच चौकट आली. बदल ठेवायचे का, असं इंग्रजीत विचारत होती. या वेळी त्यानं घाई केली नाही. बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं, आणि 'नको' दाबलं.

मग मेलमध्ये जाऊन त्यानं ती फाईल पुन्हा उघडली.