कलम नववे, उदाहरणासह

वडूजच्या बाजारपेठेत माझे श्रवणयंत्रांचे दुकान आहे. कान तपासावेत, यंत्र बसवावे, त्याचे सेल विकावेत, असा हा साधा व्यवसाय; परंतु साधे काहीही साधेपणाने करणे मला जन्मात जमलेले नाही. ग्राहकांच्या माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आला, तेव्हा साताऱ्यात व्यापाऱ्यांची एक सभा झाली. आपण ग्राहकाची कोणती माहिती ठेवतो आणि कशासाठी, हे त्याला सोप्या शब्दांत लेखी कळवा, असे वक्त्याने सांगितले. त्यातले ‘लेखी’ एवढेच मी घरी आणले.

तीन आठवडे खपून मी सूचनापत्र सिद्ध केले. चार पाने, सतरा कलमे. जुन्या गद्यकारांच्या वाक्यात शिरलेला वाचक उंबरठा, ओसरी, माजघर ओलांडीत निवांत परसात पोचतो. माझ्याही वाक्यांनी तसेच व्हावे, अशी माझी आकांक्षा होती. सहा वर्षे माझ्याकडे कान तपासण्याचे काम करणारी माया पहिल्या वाक्याच्या ओसरीवरूनच परत फिरली.

“सर, वाचणार कोण हे?”

“ज्याला आपल्या हक्काची चाड आहे, तो वाचेल.”

“बरं,” ती म्हणाली, आणि सेलच्या प्रत्येक पाकिटासोबत एकेक प्रत देऊ लागली. दोनशे बारा ग्राहकांना ती पोचली. कोणी काही विचारले नाही. माझे लेखन निःसंशय स्पष्ट असल्याचा तो पुरावा मी मानला.

चौथ्या महिन्यात, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी, मायाने ते पत्र शेवटपर्यंत वाचले.

“सर, कलम नऊमधले हे सुभेदार म्हणजे आपले हंबीरराव?”

“नाव कुठे आहे?”

“नाव सोडून सगळं आहे.”

उदाहरणाशिवाय नियमात प्राण येत नाही, हे माझे जुने मत. म्हणून मी गोपनीयतेच्या कलमात लिहिले होते: ‘उदाहरणार्थ, तोफखान्यातून निवृत्त झालेले, उजव्या कानाने ठार बहिरे, डाव्या कानाने अधू असलेले व गावातील तंटे सोडवणारे एखादे सुभेदार आमच्याकडील यंत्र वापरीत असतील, तर त्यांचे नाव आम्ही प्राणान्तीही उच्चारणार नाही.’

तंटे सोडवणारा असा सुभेदार तालुक्यात एकच. हंबीरराव शेजारच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. तीन वर्षांपूर्वी, दुकान बंद असण्याच्या वारी, मागच्या दाराने येऊन त्यांनी कानाच्या आत बसणारे, कोणाला न दिसणारे यंत्र घेतले होते. “आकारामला कळलं तर माझं अध्यक्षपद गेलंच म्हणून समजा,” असे त्यांनी मला बजावले होते. आकाराम त्यांचा प्रतिस्पर्धी. आणि अध्यक्षाची निवड पुन्हा व्हायची ग्रामसभा दहा दिवसांवर आली होती.

मी मायाशी तासभर वाद घातला, हरलो, आणि पत्र मागे घ्यायचे ठरवले. व्हॉट्सअॅपवर सर्व दोनशे बारा जणांना पाठवण्यासाठी मी मजकूर रचला: ‘आमच्या सूचनापत्रातील नवव्या कलमामधील उदाहरण अनवधानाने आले असून ते कृपया वाचू नये, वाचले असल्यास विसरावे.’

“पाठवू नका, सर,” माया म्हणाली. “कुणी वाचलेलंच नाही ते. गप्प राहिलो तर काही होत नाही.”

येथे माझा खरा अपराध घडला. हंबीररावांचे गुपित माझ्या गद्याच्या दुर्बोधतेने चार महिने सुखरूप सांभाळले होते, ही गोष्ट माया मला सांगत होती. मला मात्र त्यात एवढेच ऐकू आले, की माझे कोणी वाचत नाही. मी संदेश पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधीच पायरीवर साळूबाई बसली होती, हंबीररावांच्याच गावची.

“आवं, ती तुमची चार पानं आमी चुलीत घातली,” ती म्हणाली. “दुसरी द्या की. नववं काय ते वाचायचं हाय.”

“ते वाचायचे नाही, असेच मी कळवले आहे.”

“व्हय, म्हनून तर आले!”

त्या दिवशी सतरा जणांनी प्रत मागितली. आम्ही एकही दिली नाही. परंतु ज्यांच्या घरी ती शिल्लक होती, त्यांनी फोटो काढून गावभर फिरवले. आयुष्यात प्रथमच माझ्या लेखनाला वाचक लाभले.

ग्रामसभेला मी मागच्या रांगेत जाऊन बसलो. आकाराम उठला. “पाव्हनं, ज्याला ऐकूच येत न्हाई त्यो न्याय काय करनार?” काही जण हसले. हंबीरराव उभे राहिले. आपल्याला सगळे नीट ऐकू येते, हे ते सिद्ध करतील, अशी मला आशा होती.

“मला मशीन लावून लय झ्याक ऐकू येतंय,” ते म्हणाले. “पर चार दिस झालं, जो तो येतोय आन् माझ्या कानात बोंब मारतोय. काल एक सासू आली. सुनेचं गाऱ्हानं तिनं असं सांगितलं, की ते चार घरं पलीकडं सुनेलाच ऐकू गेलं. माझ्याकडं मानसं कुजबुजायला येत हुती रं. आता कुजबुजनार कोन? मी माझं नाव काढून घेतो.”

कोणी हसले नाही. अध्यक्षपद आकारामला गेले.

सभा सुटल्यावर पिंपळाच्या पारापाशी मी त्यांना गाठले. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हाती दिला. ‘माझी सर्व माहिती पुसून टाकावी. हंबीरराव.’

“इंद्रजितराव, तुमच्या त्या कागदात लिवलंय ना, गिऱ्हाइकाला हक्क हाय म्हनून? कलम चौदा. मी सगळा वाचला. दोन दिस लागलं.”

“पुसतो. पण यंत्राची तपासणी…”

“सांगलीला जाईन. लांब हाय, म्हनूनच.”

माफी मागणे प्राप्त होते. मी घसा साफ केला आणि म्हणालो, “सुभेदारसाहेब, घडलेल्या प्रकाराचे मूळ शोधू गेल्यास, ते एका अशा विवेकभ्रष्टतेत सापडते, की जिला…”

हंबीररावांनी शांतपणे डाव्या कानात बोट घातले, यंत्र काढले, रुमालात गुंडाळले, रुमाल खिशात ठेवला, आणि सैनिकाच्या शिस्तीने, डोळे माझ्यावर रोखून, पुढचे ऐकायला उभे राहिले.

वाक्य अर्धे टाकणे मला जमत नाही. मी ते पूर्ण केले.