खोट माझ्या चाकात नव्हती

‘वर्षाच्या आत लेकराला आवडता हात नसतो, ताई. याला आहे. एकदा लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.’

भोकरच्या दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहून डॉक्टरबाई असं म्हणाल्या, आणि राजश्री हसली. ‘मॅडम, याचे बाबा डावखुरे आहेत,’ ती म्हणाली. मग बाळाला पदराखाली घेऊन ती मोटारसायकलवर बसली.

मित्रांनो, ते हसू मी अगदी जवळून पाहिलं, कारण त्याच मोटारसायकलच्या मागे सुतळीनं बांधलेला मी होतो. मी एक जुना पांगुळगाडा आहे. तीन चाकं, एक चौकट आणि धरायला आडवा दांडा, एवढाच माझा देह. त्या दिवशी अमरेश मला हिमायतनगरहून, त्याच्या मामाच्या घरच्या अडगळीतून काढून आणत होता. वाटेत दवाखान्यातून बायको आणि मुलाला घ्यायचं होतं. वरदला नवव्या महिन्याची लस टोचली होती आणि त्याची टोपी आतच राहिली होती. ती द्यायला डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी टोपी वरदसमोर धरली, त्यानं डाव्या हातानं घेतली. त्यांनी ती काढून मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला धरली. वरद अख्खा वळला, पण टोपी घेतली ती डाव्याच हातानं. उजव्या हाताची मूठ अंगठा आत घालून मिटलेली होती.

डॉक्टरबाई बोलल्या ते यानंतर.

राजश्री काही बेफिकीर आई नव्हती. बीएस्सी झालेली, लातूरच्या घरातून आलेली. बाळाला शिंक आली तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं. झोपलेल्या वरदच्या नाकापुढे बोट धरून श्वास चालू आहे ना, हे ती पाहायची. सगळ्या गोष्टींची काळजी करणाऱ्या त्या बाईनं नेमकी हीच गोष्ट हसण्यावारी नेली, कारण तिला उत्तर आधीच मिळालं होतं. बाप डावखुरा, तर मुलगाही डावखुरा.

त्या उत्तरात काय चूक होती, ते मला ठाऊक होतं. पण लाकडाला तोंड कुठे असतं!

हिमायतनगरच्या दगडोबा सुतारानं मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून घडवलं. हिरवा-तांबडा रंग दिला आणि चाकाजवळ एक टिकटिकी बसवली, म्हणजे गाडा चालला की आवाज व्हावा. माझा दांडा धरून चालायला शिकलेलं पहिलं मूल म्हणजे हाच अमरेश. मामाच्या अंगणात तो मला सरळ न्यायचा, थेट गोठ्याच्या दारापर्यंत. आणि दांडा धरायचा दोन्ही हातांनी. दोन्ही तळवे घट्ट, घामानं ओले. तो डावखुरा आहे हे कळलं ते पुढे, शाळेत पाटी-पेन्सिल हाती आल्यावर. सगळे कौतुक करायचे, ‘हा गाडा लई गुणाचा.’ मग तो मोठा झाला, मी अडगळीत गेलो आणि माझ्यावर सोयाबीनची रिकामी पोती चढली. वर्षं गेली. तरी ते दोन तळवे मी विसरलो नव्हतो.

वरद मला धरून उभा राहायला लागला तेव्हा त्याचं वर्ष उलटून गेलं होतं. घरात केवढा आनंद! अमरेशची आई, सरजाबाई, तिनं माझ्या चौकटीला हळदी-कुंकू लावलं. वरदनं डाव्या हातानं दांडा धरला. उजवा हात त्यानं कोपरात दुमडून छातीशी धरला होता. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. त्यानं ढकललं आणि मी उजवीकडे वळलो. थेट हौदाला धडकलो.

सगळे हसले. दुसऱ्या दिवशीही हौद. तिसऱ्या दिवशीही हौद.

‘चाक वाकडं झालंय याचं,’ अमरेश म्हणाला. ‘इतकी वर्षं पडून होता.’

मग मला गल्लीच्या कोपऱ्यावरच्या नरसिंग सुताराकडे नेलं. नरसिंगनं एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं. ‘हाव, उजवं चाक झिजलंय भाऊ. बदलून टाकतो, मग बघा कसं तीरासारखं जाते.’ माझं मूळचं चाक काढून त्यानं नवं ठोकलं. मित्रांनो, दगडोबाच्या हातचं चाक होतं ते, आणि ते अजिबात झिजलेलं नव्हतं.

घरी आणल्यावर मी पुन्हा उजवीकडे वळलो.

‘मेला गाडाच वाकड्या वळणाचा हाय!’ सरजाबाई चिडली. ‘लेकराला बी तसंच वळण लावून राहिलाय. फेकून दे बाहेर.’

‘राहू दे गं माय,’ अमरेश म्हणाला. ‘माझ्यावर गेलाय तो. डाव्या हाताचा जोर आहे, म्हणून वळतो. जेवायला पंगतीत दोघं बापलेक शेजारी बसू, म्हणजे कुणाच्या कोपराला कोपर लागायचं नाही.’

पुन्हा हशा. राजश्रीही हसली, पण या वेळी तिचं हसू अर्ध्यात थांबलं. तिनं वरदची उजवी टाच पाहिली. आणि मग स्वतःलाच समजावल्यासारखी ती आत निघून गेली.

खरं काय ते उघडं पडलं एका दुपारी. राजश्री अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होती. शेजारची अंबिका आपल्या करिश्माला घेऊन आली. करिश्मा वरदपेक्षा दोन महिन्यांनी लहान. अंबिकेनं तिला खाली सोडलं, तशी ती रांगत माझ्याकडे आली, दांड्याला लटकली, उभी राहिली आणि तिनं मला ढकललं.

मी सरळ गेलो.

अंगणाच्या या टोकापासून थेट फाटकापर्यंत. टिकटिक टिकटिक करत, जसा अमरेशच्या हातांत जायचो तसा.

‘अगं बाई, वहिनी, गाडा दुरुस्त झाला की तुमचा!’ अंबिका म्हणाली.

 राजश्रीच्या हातात कुरडयांचा चीक तसाच राहिला. तिनं हात पदराला पुसले, मला परत आणलं, वरदला उभं केलं. मी वळलो, हौदाकडे. तिनं करिश्माला उभं केलं. मी सरळ गेलो. पुन्हा वरद. पुन्हा हौद. अंबिकेला वाटलं खेळ चाललाय, ती टाळ्या वाजवत होती. राजश्रीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत चाललं होतं.

ती तिथेच खाली बसली. वरदला मांडीवर घेऊन त्याची उजवी मूठ उघडायला लागली. बोटं उघडत नव्हती. म्हणजे उघडत होती, पण सोडली की पुन्हा मिटत होती.

‘टोपी,’ ती एवढंच म्हणाली. ‘अंबिका, त्या बाईंनी टोपी धरली होती गं.’

अंबिकेला काही कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी राजश्री अमरेशला घेऊन नांदेडला निघाली आणि मलाही सोबत घेतलं. ‘गाडा कशाला?’ अमरेशनं विचारलं. ‘दाखवायला. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही,’ ती म्हणाली. एसटीत कंडक्टर म्हणाला, ‘ताई, लेकराचं सोडा, गाड्याचं अर्धं तिकीट काढा.’ एरवी ती हसली असती.

लहान मुलांच्या डॉक्टरांनी वरदला नीट तपासलं, आणखी तपासण्या करायला सांगितल्या. मग शांतपणे समजावलं, की मेंदूकडून उजव्या हाता-पायाला जाणारा निरोप नीट पोचत नाही. कुणाच्या चुकीनं हे झालेलं नाही. पण आता वेळ घालवायचा नाही. ‘लहान मुलांसोबत काम करणारा चांगला फिजिओथेरपिस्ट शोधा. नाव मी देतो, लातूरला आहेत. पण जाल तिथे स्वतः बघून ठरवा.’

अमरेश दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहिला. आपल्या डाव्या हाताकडे पाहत. ‘मी तर वर्षभर कौतुक करून राहिलो होतो,’ तो म्हणाला.

लातूर लांब, आणि अमरेशला दवाखान्यात शेजारी बसलेल्या एका माणसानं नांदेडमधलंच एक सेंटर सांगितलं होतं. ‘तीन महिन्यांत पोरगं पळतं म्हणे. गॅरंटी देतात.’ घाबरलेल्या माणसाला गॅरंटी फार गोड लागते. ते आधी तिकडेच गेले.

भला मोठा बोर्ड. त्यावर पळणाऱ्या मुलांचे फोटो. आतल्या माणसानं वरदकडे पाहिलं न पाहिलं. राजश्री माझ्याबद्दल सांगायला लागली, तर त्यानं मला पायानं बाजूला सारलं. ‘हे लाकूड बाहेर ठेवा. आणि आई, तुम्हीपण बाहेर बसा. आई दिसली की पोरं नाटकं करतात.’

दार लागलं. मग वरदच्या किंकाळ्या ऐकू यायला लागल्या.

मित्रांनो, मूल रडतं त्याचे कितीतरी प्रकार असतात. भुकेचं, झोपेचं, हट्टाचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. राजश्रीनं दोन्ही हातांनी माझा दांडा असा आवळला होता की तो करकरला. तिनं मान वर करून बोर्ड पुन्हा वाचला. फोटो होते, मोबाइल नंबर होता, गॅरंटी होती. त्या माणसाचं शिक्षण कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ती उठली आणि दार ढकलून आत गेली. वरदचे पाय पट्ट्यांनी फळीला बांधले होते आणि तो माणूस त्याची उजवी टाच जोर लावून खाली दाबत होता. लेकराच्या मांडीवर लाल वळ उठले होते.

‘सोडा त्याला! तुमचं शिक्षण काय झालंय?’

‘बाई, बोर्ड वाचता येत नाही का?’

‘वाचूनच आत आले.’ तिनं पट्ट्या स्वतः सोडल्या, वरदला उचललं.

रस्त्यावर आल्यावर अमरेश चाचरत म्हणाला, ‘पण गॅरंटी देऊन राहिला होता ना...’

‘गॅरंटी मिक्सरची असते,’ ती म्हणाली.  ‘आपलं लेकरू मिक्सर आहे का?’

त्यानंतर अमरेशनं गॅरंटीचा शब्द काढला नाही. वरदला एका खांद्यावर, मला दुसऱ्या खांद्यावर घेऊन तो लातूरच्या गाडीकडे चालायला लागला.

लातूरच्या चंद्रप्रभा मॅडमच्या खोलीत सतरंजी होती, चेंडू होते, स्टीलचे डबे होते. मॅडम सतरंजीवर बसल्या आणि बराच वेळ त्यांनी वरदला हातही लावला नाही. नुसतं खेळू दिलं आणि पाहत राहिल्या. नांदेडच्या डॉक्टरांचे कागद वाचले. राजश्रीनं आता सावध होऊन तोच शिक्षणाचा प्रश्न विचारला. त्यांनी भिंतीवरच्या पदवीकडे आणि नोंदणीच्या कागदाकडे बोट दाखवलं. ‘विचारलंत ते बरं केलंत. सगळ्यांनी विचारायला पाहिजे.’ मग म्हणाल्या, ‘आता मी विचारते. तुम्ही घरी काय काय पाहिलंत?’

इतक्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. राजश्रीनं मला पुढे ढकललं आणि हौद, करिश्मा, टोपी, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. मॅडमनी ऐकून घेतलं.

‘कधी चालेल तो?’ अमरेशनं विचारलं.

‘तारीख सांगणाऱ्याकडे जाऊ नका, भाऊ. आज तो काय करू शकतो ते मी सांगते. महिन्यानं परत पाहू. फरक नाही पडला तर पद्धत बदलू, आणि का बदलली तेही सांगेन. त्याला घडवायचं काम मात्र रोज तुम्हीच करणार आहात, घरी, खेळता खेळता. आईला बाहेर बसवून मला काहीच करता येत नाही.’

मला त्या बाई फार आवडल्या. इतक्यात त्या माझ्याकडे वळल्या.

‘आणि हा गाडा सध्या बंद. यात तो टाच उचलूनच पुढे धावतो, एका अंगानं. तीच सवय पक्की होतेय.’

मित्रांनो, मी सुन्न झालो. हौदाला धडकलो तेव्हा बोलणी खाल्ली, चाक गमावलं, लाथ खाल्ली. आणि ज्यांनी पहिल्यांदा सगळं नीट पाहिलं त्यांनीच मला थांबवलं! खोट माझ्या चाकात नव्हती, हे खरं. पण मी ज्याला चालवतोय असं समजत होतो, त्याला मी चुकीचं चालवत होतो, हेही खरंच होतं.

आता मला चाकं नाहीत. भोकरला परत आल्यावर नरसिंगनं माझा दांडा काढून मॅडमनी सांगितलेल्या उंचीवर भिंतीला पक्का बसवला. चौकटीची वरदसाठी खुर्ची झाली, पाय जमिनीला टेकतील अशी. राजश्री त्याच्यापुढे मोठा चेंडू ठेवते, जो एका हातानं उचलताच येत नाही. कधी झाकण लावलेला डबा ठेवते, ज्यात घशात अडकणारे शेंगदाणे नाहीत, नुसता मोठा घुंगरू आहे. मग दोन्ही हात लागतातच. सरजाबाई आधी कुरकुरली, ‘मालिश करा म्हनलं तर चेंडू खेळून राहिले.’ आता तीच त्याची उजवी मूठ आपल्या गालावर ठेवते आणि म्हणते, ‘मार मला, मार. पर उघड्या हातानं मार.’

वरद अजून चालत नाही. खोटं कशाला सांगू? पण परवा तो माझ्या दांड्याला धरून उठला. डावा हात नेहमीसारखा घट्ट. मग हळूच काहीतरी दुसऱ्या बाजूला टेकलं. गरम, घामानं ओलं. बोटं पुरती उघडली नव्हती, पण तळवा टेकला होता. किती वर्षांनी माझ्यावर दोन हात होते!

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी एखादं लहान बाळ असेलच. आज त्याच्यापुढे जरा बसा. एक चेंडू त्याच्या डाव्या बाजूला धरा, मग उजव्या बाजूला धरा. नुसतं पाहा. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वेळी एकच हात पुढे करत असेल, दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर त्याच्या आईला सांगा की डॉक्टरांना दाखवून घ्या.

ती बहुतेक हसेल. बाबांवर गेलाय, म्हणेल.

तुम्ही तिथून उठू नका. चेंडू पुन्हा धरा, आणि तिला पाहायला सांगा.