जिकडे नजर, तिकडे नळी

मी बोलतोय ते जरा मोठ्यानेच ऐकू येईल. आवाज खाली करायची सोय माझ्यात नाही. मी एक हेलिकॉप्टर आहे. नोकरीने पोलिसांचं, पण जन्माने लढाईचं, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे.

मला घडवणाऱ्यांनी माझे सगळे लाड पुरवले. पोटाला जाड चिलखत, दोन्ही बाजूंना रॉकेटं टांगायच्या जागा, काळोखातही माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा डोळा. आणि हनुवटीखाली लांब नळीची बंदूक. तिची एक खुबी आहे, ती तेवढी ध्यानात ठेवा. माझ्या पुढच्या खुर्चीवर बसणारा डोक्यावर एक टोप घालतो. मग तो जिकडे मान वळवेल, तिकडे नळी आपोआप वळते. लढाईत हे फार सोयीचं. तिथे बघायचं ते मारण्यासाठीच.

लष्कराने मला निवृत्त केलं तेव्हा वाटलं, आता एखाद्या बागेत चौथऱ्यावर उभं करतील, पोरं अंगावर चढतील, म्हातारपण मजेत जाईल. पण या शहराच्या पोलिसांच्या मोठ्या साहेबांचा माझ्यावर जीव जडला.

"गुन्हेगारांना नुसता धाक बसला पाहिजे," साहेब म्हणाले.

"पण साहेब, ही बंदूक?"

"तिच्यात गोळ्या नाहीत हो. आहे आपली, शोभेला."

गोळ्या नाहीत हे साहेबांना ठाऊक, मला ठाऊक. खालच्या माणसाला कोण सांगणार?

आता या शहरातले गुन्हे म्हणाल तर सायकली चोरीला जातात, पाण्यावरून शेजारणी भांडतात, कोणाचा तरी मेहुणा पिऊन दंगा करतो. यातल्या एकाही कामात रॉकेटाचा उपयोग नाही. तरी मला ठाण्यामागच्या मैदानात थाटात उभं केलं. भोवती तारेचं कुंपण आणि राखणीला शिपाई. हे शिपाई आधी गल्ल्यांतून फिरायचे. आता ते मला कोणी चोरून नेऊ नये म्हणून बसतात. मला कोण नेणार, आणि नेऊन ठेवणार कुठे?

रिकामा राहिलो तर गंजेन, म्हणून मला रोज उडवायचे. मग मला लोकांच्या गच्च्यांत डोकवायची खोड लागली. कोणी कणीक मळता मळता फोनवर रडतंय, कोणी सासऱ्यापासून लपून विडी ओढतंय, कोणाचं लोणचं उन्हात ठेवलंय आणि झाकायचं राहिलंय. मला सगळ्यांची काळजी वाटायची हो! पण मी जवळ गेलो की लोणच्यात धूळ आणि दोरीवरचे कपडे हवेत. एकदा एक मावशी ठाण्यावर आल्या आणि म्हणाल्या, "माझी नवी चादर पळवली."

"कोणी?" ठाणे अंमलदाराने पेन उघडलं.

"तुम्ही!"

त्याने पेन बंद केलं.

माझ्या पुढच्या खुर्चीवर एक तरुण फौजदार बसायचा. आधी तो गल्लीबोळात पायी फिरायचा. कोपऱ्यावर एक शिवणवाली आहे, तिच्या दुकानाच्या पायरीवर टेकायचा. त्याच्या वर्दीची कंबर तिनेच दोनदा सैल करून दिलेली. तिचे वडील जुने सुतार. हल्ली त्यांना विसर पडायचा, ऐकूही कमी यायचं. पण फौजदार दिसला की चहा अर्धा करून त्याला द्यायचे आणि दर वेळी नव्याने विचारायचे, "लग्न झालं का रे तुझं?"

एका दुपारी शिवणवाली मशीनवर वाकलेली असताना बाबा काठी घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. तिने जुनी लाकडाची वखार पाहिली, बाजार पाहिला, मग धापा टाकत ठाण्यावर आली. गळ्यात टेप तशीच लोंबत होती.

"साहेब, दोन शिपाई द्या. गल्लीगल्लीत विचारत फिरलं तर सापडतील. उन्हाचे कुठे पडले तर..."

"शिपाई सगळे पहाऱ्यावर आहेत," मोठे साहेब म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अहो ताई, दोन शिपाई काय मागता? आम्ही तुम्हाला हेलिकॉप्टर देतो!"

झालं. मी उठलो. पत्रे थडथडले, कुत्री पळाली, खिडक्या बंद झाल्या. रस्त्यावर ज्यांना काही विचारता आलं असतं, ती माणसं घरात शिरली.

मैदानाच्या टोकाला गटाराचे मोठे सिमेंटचे पाइप पडले होते. तिथे माझ्या डोळ्याला एक ऊबदार ठिपका दिसला. माझ्या डोळ्याला ऊब दिसते, चेहरा दिसत नाही. ठिपका दचकला, पळाला, पडला, आणि रांगत पाइपात शिरला.

"पळतोय म्हणजे काहीतरी भानगड आहे," मागून पायलट म्हणाला. "हातात लांब काय आहे बघ."

फौजदाराने बघितलं. नळी वळली.

त्या माणसाचा अर्धा चहा हा प्यायला होता. पण माझ्यातून त्याला बाबा ओळखू आले नाहीत. भोंग्यावरून तो ओरडला, "काठी, हत्यार, जे असेल ते टाका! हात वर करून बाहेर या!" बाबांना धड ऐकू येईना. जे ऐकू येत होतं ते माझं होतं, आणि त्याने ते आणखी आत सरकत होते. पाइप उन्हाने तापलेला. आतला ठिपका हलायचा थांबला.

तेवढ्यात गल्लीतून शिवणवाली धावत आली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सगळ्या शहराला दिसत होतं की माझी बंदूक कुठे रोखली आहे, आणि तिला तेवढं पुरलं. माझ्या वाऱ्यात पदर सांभाळत ती पाइपाच्या तोंडाशी पोचली आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

फौजदाराने तिच्याकडे बघितलं. नळी तिच्या छातीवर आली.

तिचं बोलणं मला ऐकू येईना, पण हातवारे दिसत होते. टोपाची खुबी फौजदारानेच तिला कधीतरी सांगितलेली; ती हात झटकून एकच सांगत होती, "तिकडे बघ! तिकडे!" आता टेप लोंबणारी ती आकृती त्याला ओळखू आली. त्याने गपकन मान फिरवली. नळी रिकाम्या आभाळाकडे गेली.

"वर घे," तो पायलटला म्हणाला. "लांब ने याला. लांब!"

आम्ही लांब गेल्यावर तिने बाबांना बाहेर काढलं. जिवंत होते. गुडघे फुटले होते, ओठ सुकले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला : हेलिकॉप्टरने हरवलेले आजोबा शोधले. मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासारखं आणखी एक मागवलं आहे. त्याच्या पहाऱ्याला आणखी शिपाई लागतील.

बाबा आता हरवत नाहीत. माझा आवाज आला की पलंगाखाली जाऊन बसतात, आणि मी तर रोज उडतो.

काल शिवणवाली कुंपणापाशी आली. फौजदार माझ्या सावलीत बसला होता. तो झटकन उठला, पण बघत राहिला आपल्या बुटांकडे.

"बाबा विचारत होते, तो पोरगा का येत नाही म्हणून. चहा गार होतो."

"येईन, ताई."

"मग बघ की माझ्याकडे. जमिनीशी काय बोलतोस?"

त्याने हळूच मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. मी श्वास रोखून धरला. माझी नळी जागची हलली नाही. माझी वीज बंद होती, आणि त्याचा टोप माझ्या खुर्चीवर पडला होता.

साहेब, तो टोप तिथेच पडून राहू द्या. आणि मला बागेत न्या. पोरं अंगावर चढली तर मी काही बोलणार नाही.