बाण डावीकडे

मी एक निळी पाटी. आयोवा राज्यातल्या एका चौफुलीवर, मक्याच्या बांधाला उभी आहे. अंगावर हॉस्पिटलचं पांढरं ‘एच’ अक्षर आणि खाली डावीकडे बाण. एवढंच माझं शिक्षण, पण त्यावर बत्तीस वर्षं मान ताठ ठेवून जगले.

माझा जन्म तुरुंगाच्या कारखान्यातला. ज्याला स्वतःला कुठेच जाता येत नव्हतं, अशा एका कैद्यानं माझ्यावर हा बाण चिकटवला.

बाणाच्या दिशेला चार मैलांवर एल्सबर्गचं छोटं हॉस्पिटल होतं. चौफुलीवर प्रत्येक गाडीला थांबावंच लागतं, त्यामुळे माणसांचं बोलणं माझ्या कानावर पडतं. कळा सोसणाऱ्या बायका नवऱ्याला लाखोली वाहत जायच्या आणि दोन दिवसांनी बाळ घेऊन हसत परतायच्या. मला फार अभिमान वाटायचा.

मग शहरातल्या एका मोठ्या आरोग्य कंपनीनं ते हॉस्पिटल घेतलं. आधी बाळंतपणं बंद झाली, मग शस्त्रक्रिया, आणि गेल्या मार्चमध्ये दाराला कुलूप लागलं. निरोपाला गावानं कॉफी ठेवली होती. चौकशीच्या टेबलावर वीस वर्षं बिनपगारी बसणाऱ्या आर्डिस फ्रेरिक्सनं लिंबाच्या वड्या केल्या होत्या. भांडायला कुणी उठलं नाही. इथली माणसं भांडत नाहीत, वड्या करतात.

मला मात्र कुणी काढलं नाही. कंपनी म्हणे, ते काम काउंटीचं, म्हणजे जिल्हा कचेरीचं. काउंटी म्हणे, कंपनीचं पत्र हवं. पत्र कुणी लिहिलंच नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी आर्डिसची गाडी माझ्यापाशी थांबली. शेजारी तिचा नवरा व्हर्लिन छाती धरून बसला होता.

“तरी मी सांगत होते, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू या!”

“बोलवून कोण येणार? ती फुकट चालवणारी गावातली सगळी पोरं मक्याच्या कापणीवर आहेत. माझ्या करपट ढेकरांसाठी त्यांना शेतातून उठवू?”

“मेल्यावर उठवणार आहेस का?”

“मग शुक्रवारी मरतो. शुक्रवारी पाऊस आहे, सगळे मोकळे असतील.” तो हसायला गेला आणि कळवळला.

उघडं हॉस्पिटल सरळ रस्त्यानं अडतीस मैलांवर होतं. आर्डिसला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि समोर मी बाण रोखून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि सवयीनं गाडी डावीकडे घातली. अगं बाई, सरळ जा! मी आतल्या आत किंचाळले, पण पत्र्याचं कोण ऐकणार?

दहा-बारा मिनिटांनी गाडी परत आली. या वेळी ती थांबलीच नाही. उघड्या काचेतून आर्डिसचा आवाज आला, “मला माहीत होतं रे, व्हर्लिन! बंद आहे ते मला माहीत होतं!” शेजारी व्हर्लिनची मान छातीवर कलली होती.

शुक्रवारी खरंच पाऊस आला. सगळे मोकळे होते. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्या पोरांनीच त्याला खांदा दिला.

दुसऱ्या आठवड्यात आर्डिस खाद्याचं रिकामं पोतं आणि सुतळी घेऊन आली. माझं तोंड झाकताना म्हणाली, “तुला कुणी सांगितलं नव्हतं गं. मला तर माहीत होतं.” मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. वाऱ्यानं ते पोतं उडवलं. तिनं दुसरं बांधलं, तेही गेलं. आता ती येत नाही. मुलीनं तिला आपल्याकडे नेलं म्हणतात.

मला उपटा हो. भंगारात घाला, डुकरांच्या गोठ्याला ठिगळ म्हणून ठोका. खोटं बोलत उभं राहण्यापेक्षा ते बरं. आणि तोवर कुणी या वाटेनं आलात, तर माझं ऐकू नका.

काल एक अनोळखी गाडी थांबली. मागच्या सीटवर कुणीतरी विव्हळत होतं. चालवणाऱ्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“ही बघ पाटी! आलंच आता,” असं म्हणून तो डावीकडे वळला.