चनबसप्पा नावाचा जलचर

सोलापुरात समुद्र नाही, ही गोष्ट वेणीमाधव मास्तरांच्या मनाला फार लागून राहिली होती. हायस्कुलात ते सायन्स शिकवायचे. त्यांना वेड प्लँक्टनचं, म्हणजे समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं. मासे जगतात त्यांच्यावर. तेव्हा आपल्या समुद्रात हे पीक एकरी किती येतं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. समुद्राला एकर लावणारा माणूस सोलापुरातच निघायचा.

पीक काढायला बारीक जाळी हवी. विलायती रेशमाची परवडेना, म्हणून मास्तरांनी ती नरसय्या विणकराकडून विणून घेतली. आता नवं कापड खळ न देता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं म्हणजे नरसय्याला उघड्या अंगानं लग्नाला गेल्यासारखं वाटायचं. त्यात मास्तर निघालेले समुद्रावर! त्यानं ज्वारीच्या पिठाची खळ अशी चोपडली, की जाळी कोपऱ्यात ठेवली तर पोलिसासारखी ताठ उभी राहायची. मास्तरांनी तिला टिचकी मारली आणि म्हणाले, "वा!"

प्रवासखर्च सरकीचे व्यापारी चनबसप्पा शेट यांनी उचलला. रत्नागिरीला होडीत बसल्यावर मास्तरांनी समुद्र कमी आणि होडीचा तळ जास्त पाहिला. पोटातलं सगळं देऊन झाल्यावर जाळी कशीबशी पाण्यातून ओढली, तिच्यात साचलं ते बाटल्यांत भरलं, टिकावं म्हणून वर फॉर्मलिन ओतलं आणि किनारा लागताच वाळूवर आडवे झाले.

घरी येऊन सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला तर काय! नितळ, गोल मणीच मणी. प्रत्येकाच्या मधोमध एक टिंब. हातातल्या एकाही पुस्तकात असा जीव नव्हता. मास्तरांनी टिंबाला डोळा ठरवलं आणि त्या नव्या जलचराला उपकाराची फेड म्हणून शेटांचं नाव दिलं.

शेट जरा बिचकले. "मास्तर, ते मासळी खातं का हो? आमच्यात चालत न्हाय."

"नाही शेट, मासेच त्याला खातात."

"म्हंजे मासे मला खात्यात?"

पण नावाची गोडी वाईट. आठवड्याभरात शेट सरकीच्या भावाआधी समुद्राची गोष्ट सांगायला लागले.

रविवारी सकाळी हायस्कुलात सत्कार ठेवला. मास्तरांच्या गळ्यात हार, शेटांच्या डोक्याला जरीचा पटका, खिडकीत सूक्ष्मदर्शक. माणसं रांगेनं येऊन एक डोळा मिटायची आणि बहुतेक जण नेमका नळीवरचा डोळा मिटून "झकास!" म्हणून पुढं सरकायची. शेवटी शेट वाकले.

"मास्तर, लई फिकट दिसतोय की मी. जरा रंगबिंग द्या."

जीव उठून दिसावेत म्हणून आयोडीन घालतात, मग ते पिवळसर होतात. मास्तरांनी ऐटीत एक थेंब सोडला, नळीला डोळा लावला, आणि त्यांच्या पायाखालची फरशी होडीसारखी हलली.

मणी गर्द निळे झाले होते.

दरवर्षी वर्गात बटाटा कापून मास्तर स्वतःच दाखवायचे: आयोडीननं निळं झालं, की ते पीठ. त्यांच्या डोळ्यांपुढं कोपऱ्यातली ती ताठ जाळी उभी राहिली.

तोवर शेटांनी पुन्हा नळीत पाहिलं. "निळा झालो!" ते ओरडले. "अगदी नीळकंठ!"

सभा टाळ्यांनी दणाणली. मास्तरांचे कान तापले. गळ्यातला हार टोचायला लागला. काच नुसती अंगठ्यानं पुसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. अंगठा काचेपर्यंत गेलासुद्धा. पण शेजारी शेटांचा तो फुललेला चेहरा दिसला आणि हे खोटं या माणसाला मरेपर्यंत मिरवायला लावायचं, या विचारानं त्यांनी अंगठा मागं घेतला.

"शेट," मास्तर म्हणाले, "हे जीव नाहीत. जाळीची खळ आहे. ज्वारीचं पीठ."

मागून नरसय्या घाबरून उठला. "खळ बिघडली का, मास्तर?"

"खळ उत्तम होती रे. बिघडलं ते माझं डोकं."

मग काय विचारता! बाकं बडवून लोक हसले. कुणी म्हणालं, "शेट, भाकरी थापू का तुमची?" मास्तरांना वाटलं, आता शेट आपल्या गळ्यातला हार ओढून काढणार. पण शेटांनी स्वतःचा पटका काढून काखेत मारला.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "अक्कलकोटचे पावने आल्यात घरी. सगळ्यांना सांगून बसलोय. आता कुटल्या तोंडानं जाऊ?"

इतका वेळ मास्तर आपल्याच लाजेत बुडाले होते. आपली लाज दुसऱ्याच्याही घरी पोचली आहे, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"मी येतो. मीच सांगतो," ते म्हणाले.

दोघं मागच्या दारानं निघाले आणि गल्लीबोळातून तोंड चुकवत घरी पोचले. उंबऱ्यात शेटांची बायको नीलम्मा ओवाळणीचं ताट घेऊन उभी, मागं पाहुण्यांची दाटी. मास्तरांनी चपलाही न काढता सगळं सांगून टाकलं. सांगताना नजर जमिनीला खिळलेली.

नीलम्मानं मोठा श्वास सोडला. "पीठ हाय व्हय? बरं झालं बाई! बाया मला देवळात किड्याची बायको म्हनायल्या. आठ दिस तोंड लपवून जातीय मी. यांना सांगायची सोय न्हाय, नाव निघालं म्हून हे हवेत."

शेटांनी बायकोकडं पाहिलं आणि त्यांचीही मान खाली गेली. तिनं निरांजनाची वात सारखी केली. पाहुणे पाहत होते, ताट तर काढलेलं होतं. तिनं आधी नवऱ्याला ओवाळलं, मग मास्तरांपुढं आली आणि थांबली.

"मान वर करा की, मास्तर. ओवाळू कशाला, टाळूला?"