न दुखणारी गाठ

कौशल्याच्या डाव्या काखेत गाठ आली आणि हडपसरच्या त्या गल्लीत घरोघरी वैद्य उगवले. पहिला मान शेजारच्या सोजरबाईंचा, माहेर लोणी काळभोर. न बघताच म्हणाल्या, "काखमांजरी हाय. चुना-गूळ लाव, फुटून जाईल."

आठवडाभर चुना-गूळ लावला. कातडी सोलवटली, गाठ जागची हलली नाही. मग नवऱ्याने, रंगनाथने, अक्कल पाजळली. "अवधाण असेल गं. हाताला लागलं की काखेत गाठ येतेच." कौशल्या ब्लाउज शिवणारी, सुई टोचायची तिला सवय. पण दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, तर साधा ओरखडा नाही. जखमच नाही तर अवधाण आलं कुठून, आभाळातून? असं विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद, "दुखतंय का? नाही ना? मग झालं तर."

इथेच तर गोम होती. काखमांजरी झाली की माणूस ठणक्याने रडकुंडीला येतो, हात खाली घेता येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक. तरी न दुखणाऱ्या गाठीला तेच नाव द्यायचं आणि वर निर्धास्त व्हायचं. धन्य आहे.

चौथा आठवडा लागला तशी ती मशीन झाकून उठली आणि थेट दवाखान्यात गेली. रंगनाथ मागोमाग. नेहमीच्या डॉक्टरांनी खुर्चीतूनच निदान केलं. "उष्णतेने होतं. गोळ्या देतो. दुखत नाही ना?"

"नाही. म्हणून तर आले," कौशल्या म्हणाली. "महिना होत आला. कडक आहे, बोटाने सरकत नाही, वाढतेय. आणि आपण अजून हातही लावलेला नाही."

"अगं, डॉक्टरांना शिकवतेस काय?" रंगनाथ पुटपुटला.

"शिकवत नाही, दाखवतेय. बघितल्याशिवाय मी उठणार नाही." बाहेर बाकावर माणसं ताटकळली होती. ताटकळू देत. तिला इतका संताप आला होता की लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टरांनी नर्सला बोलावलं, पडदा ओढला. काख चाचपली, मग छाती, मग मान. हात धुऊन आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देतो. सोनोग्राफी करतील, मॅमोग्राफी करतील, गरज वाटली तर गाठीचा तुकडाही तपासतील. अशा गाठी पुष्कळदा साध्याच निघतात. पण तपासल्याशिवाय मीही सांगू शकत नाही. या आठवड्यातच जा."

"आज जाते."

रस्त्यावर आल्यावर रंगनाथचा चेहरा पांढराफटक पडला होता. "उद्या गेलं तर नाही चालणार? तुला भीती नाही वाटत?"

"वाटते हो," कौशल्या म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. "पण कशाला भ्यायचं ते आधी कळू दे, मग मनसोक्त भिईन. येताय, का मी एकटीच जाऊ?"