बांधाला लागलेली हरळी

धाकट्या भावानं, महांतेशनं, बांधाला लागून हरळी लावली तेव्हाच नागाप्पाला संशय आला. जी हरळी खणून काढता काढता हातकणंगल्याच्या मळ्यात बापजाद्यांच्या कंबरा मोडल्या, ती कुणी शहाणा माणूस पोत्यातनं आणून, पाणी पाजून वाढवतो?

"अण्णा, ही संकरित हाय. बी धरत न्हाय. म्हशी चरतील, उरलेली वाळवून उन्हाळ्याला गंजी लावायची," महांतेश म्हणाला होता.

नागाप्पानं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन बायकोपुढं तोंड सोडलं. "म्हशीचं नुसतं निमित्त. हरळी आपल्या भुईमुगाच्या रानात घुसवायची, ते नासलं की कवडीमोलानं मागायचं!"

शिवगंगा भाकरी थापत होती. "वाटणीत चांगलं रान त्यांनीच तुमास्नी सोडलं की."

"तेच तर! का सोडलं?"

मग त्याचं कशात लक्ष लागेना. रोज बांधावर उकिडवा बसून वेल किती सरकली ते बघायचा. वळीव होऊन गेला, रानाला ओल आली. महांतेश बायकोला घेऊन शहरात राजारामपुरीच्या दवाखान्याला गेलेला बघून नागाप्पानं बैल जुंपले आणि भावाच्या हरळीत कुळव घातला. बांधाकडचा पट्टा उखडून निघाला तेव्हा कुठं त्याचा जीव निवला. त्याच भरात तो आपल्या रानात वळला. पेरणीआधीची कुळवाची आडवी पाळी राहिली होती, तीही उरकली.

महांतेशनं आल्यावर उखडलेला पट्टा बघितला, पण काही बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचाच नागाप्पाला जास्त संशय आला.

जुलैत भुईमुगात हरळी उगवली. नागाप्पानं गल्ली गोळा केली. "बघा! घुसवली का न्हाय?"

शेतीत केस पांढरे झालेला केरबा वाकून बघू लागला. भुईमुगाच्या ओळी उभ्या होत्या. हरळी मात्र आडवी, बांधापासून सरळ पट्ट्यापट्ट्यानं गेलेली.

"ही सरपटत आल्याली न्हवं," केरबा म्हणाला. "कुळवाला मुळ्या अडकून आलीया, तुकडा पडंल तिथं फुटलीया. कुळव कुणी फिरवला?"

नागाप्पाला आठवलं. भावाच्या हरळीतनं निघालेला कुळव न झाडताच त्यानं आपल्या रानात घातला होता. आता चारचौघांत शोभा होणार.

"मीच," महांतेश म्हणाला. "अण्णाची पाळी घालून दिली, कुळव झाडायचा राहिला. चुकलं माझं. हरळी मी काढून देतो."

लोक पांगले. घरी शिवगंगेला रडू आवरेना. "उखडलं तुमी, आणि अब्रू राखली त्यांनी. जावा, माफी मागा."

नागाप्पालाही भरून आलं. लाज वाटत होती, भावाची माया दाटून आली होती. तो तसाच मळ्याकडं निघाला. महांतेश खरंच खुरपं घेऊन भुईमुगात वाकला होता, एकेक मूळ खणून काढत होता. नागाप्पानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मनात आलं, माझ्या रानात हा एवढा कशाला राबतोय? काय पाहिजे असेल ह्याला?

त्यानं तोंड मिटलं आणि बाभळीआड उभा राहून तो भावावर नजर ठेवू लागला.